रात्रीची वाट, कुत्रा आणि भरवशाची विजेरी

अंधुक उजेडात दोरी पाहून ती साप आहे असे वाटणे, हा वेदान्त्यांचा जुना दृष्टान्त आहे. दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि दोरी दोरीच उरते. व्यवहारात मात्र या दृष्टान्ताची उलट बाजूच अधिक घातक ठरते. दोरी किंवा वाळली काटकी समजून माणूस पुढे पाऊल टाकतो आणि ते सापावर पडते. हा भ्रमही दिव्यानेच दूर होतो, पण तो दिवा पाय पडण्यापूर्वी पेटलेला असावा लागतो. रात्री कुत्र्याला फिरवावयास नेणाऱ्याने कोणती विजेरी घ्यावी, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही.

अमझेऱ्यासारख्या गावी हे विशेषच पटते. धार शहराच्या पश्चिमेस, सरदारपूर तहसिलीतील हे गाव. रुक्मिणीहरणाची कथा येथील लोक अमका-झमका देवीच्या स्थानाशी जोडतात. विदर्भातील कौंडिण्यपूरही त्याच कथेवर आपला हक्क सांगते. १८५७ च्या उठावात उतरलेले येथील राजे बख्तावरसिंह यांना १८५८ साली इंदूर येथे फाशी देण्यात आले आणि पुढे हा मुलूख ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राज्यात गेला. धार व देवास ही संस्थाने पवारांची. त्यामुळे या सर्व टापूत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. गावाबाहेर पाऊल टाकताच काळ्या जमिनीची शेते लागतात. पावसाळ्यात त्यांत सोयाबीन असते आणि हिवाळ्यात गहू. उन्हाळ्यात मावळतीनंतरही रस्ता इतका तापलेला असतो की कुत्र्याचे तळवे पोळतात, म्हणून त्याला बाहेर काढावयाचे ते जेवणे आटोपल्यावरच. पावसाळ्यात सर सरेपर्यंत थांबावे लागते आणि मग रात्र होते. थोडक्यात, ऋतू कोणताही असो, साखळी हाती घेऊन कोणाला तरी अंधारात जावेच लागते.

या अंधारात भय कशाचे असते? पहिले भय सापाचे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडण्यात आला. यांतील बहुसंख्य मृत्यू खेड्यांतले आणि जवळजवळ निम्मे जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले होते. ज्या राज्यांवर या संकटाचा भार अधिक, त्यांत मध्य प्रदेशही आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार मुख्य विषारी साप. त्यांपैकी मण्यार तर पक्की निशाचर. घोणस वाळल्या पाचोळ्याच्या रंगाची असते आणि चाहूल लागली तरी पुष्कळदा जागची हलत नाही. बिळात पाणी शिरले की साप कोरड्या जागेच्या शोधात निघतात. ती कोरडी जागा म्हणजे बहुधा शेताचा बांध किंवा रस्ता, आणि माणसाची व कुत्र्याची वाटही तीच.

कुत्र्याचा धोका माणसाहून निराळा आहे. माणसाला दंश होतो तो बहुतेक पायाला. कुत्रा मात्र नाक पुढे करून हुंगत जातो, म्हणून त्याला दंश होतो तो तोंडाला किंवा पुढल्या पायाला. शिवाय साप दिसला तर माणूस मागे सरतो, कुत्रा पुढे धावतो. म्हणून रात्रीच्या फेरीत साखळी आखूड धरावी आणि साखळीच्या लांबीहून बराच पुढचा रस्ता उजेडात दिसावा, हा पहिला नियम.

दुसरे भय बिबट्याचे. महाराष्ट्रातील अकोले तालुक्यात, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात आढळले की तेथील बिबट्यांच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा होता. बिबट्या सहसा माणसाच्या वाटेस जात नाही, परंतु कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. ज्या गावांच्या आसपास बिबट्याचा वावर आहे, तेथे कुत्र्याबरोबर चालणाऱ्याने वीसतीस पावलांपलीकडचे कुंपण आणि झुडूप पाहावयास हवे, आणि तेथे हातातील दिवा दूरवर पोचणारा असावा लागतो. तिसरे भय वाहनांचे. ते तर महामार्गापासून आडरस्त्यापर्यंत सर्वत्र आहेच.

येथे एक शंका निघेल. कुत्र्याला तर अंधारात दिसते, मग दिवा कशाला? कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा चमकणारा एक थर असतो. डोळ्यात शिरलेला उजेड पडद्यातून एकदा गेला की हा थर तो परतवतो आणि पडद्याला त्याचा दुसऱ्यांदा लाभ होतो. रात्री कुत्र्याचे किंवा गाईचे डोळे हिरवट-पिवळे चमकतात ते यामुळेच. माणसाच्या डोळ्यात हा थर नसतो. अंधाराला सरावण्यास माणसाच्या डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एखाद्या मोटारीचा झोत तो सराव क्षणात पुसून टाकतो. तेव्हा दिवा लागतो तो माणसाला. कुत्र्याच्या डोळ्यांवर तो मारूच नये, कारण मंद उजेडासाठी घडलेल्या त्या डोळ्यांना प्रखर झोत फार त्रासदायक होतो.

हातात मावणारा विजेचा दिवा ही फार जुनी वस्तू नव्हे. जर्मनीतील कार्ल गासनर याने १८८० नंतरच्या दशकात कोरडा, न सांडणारा सेल सिद्ध केला. नळीच्या आकाराच्या विजेरीचे अमेरिकन पेटंट डेव्हिड मिसेल याला १८९९ साली मिळाले. त्या काळचे सेल इतके दुबळे आणि दिव्याची तार इतकी अधाशी, की बटन क्षणभर दाबून सोडावे लागे. इंग्रजीत विजेरीचे एक नाव क्षणिक चमकेवरून पडले आहे, त्याचे कारण हेच. पुढे आपल्याकडेही टॉर्च आणि सेल यांचे कारखाने निघाले. अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, कारखान्यातील पत्र्याच्या चकचकीत विजेऱ्या उत्तर हिंदुस्थानातील घरोघरी खुंटीवर लटकत. मराठी माणसाने या वस्तूस 'विजेरी' असे सुंदर नाव दिले खरे, परंतु बोलताना तो 'बॅटरी' म्हणतो आणि माळव्यात राहिला की 'टॉर्च' म्हणू लागतो.

त्या जुन्या विजेरीत तारेचा बल्ब असे. सेलांची बहुतेक शक्ती उष्णतेत जाई आणि उजेड जेमतेम उरे. जपानमधील संशोधकांनी १९९० नंतरच्या काळात निळा प्रकाश देणारा प्रखर अर्धवाहक दिवा, म्हणजे एल्.ई.डी., सिद्ध केला आणि त्यावर पिवळ्या द्रव्याचा लेप देऊन पांढरा उजेड मिळू लागला. या निळ्या दिव्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज बाजारातील जवळजवळ प्रत्येक विजेरी या प्रकारची आहे. त्यामुळे उजेडाचा तुटवडा राहिला नाही. आता अडचण वेगळीच आहे. खोक्यावर छापलेल्या आकड्यांतून खरे काय ते ओळखावयाचे कसे?

खोक्यावर पहिला आकडा असतो ल्यूमेनचा. विजेरीतून एकूण किती उजेड बाहेर पडतो, हे तो सांगतो. दुसरा आकडा कॅन्डेलाचा. तो उजेड एका दिशेला किती एकवटला आहे, हे त्यावरून कळते. बागेच्या झारीतून आणि अरुंद नळीतून तेवढेच पाणी सोडले, तर झारीचे पाणी जवळ पण पसरून पडते आणि नळीचे दूर पण एका ठिकाणी पडते. उजेडाचेही तसेच आहे. पायांखालची वाट पाहावयास झारी हवी आणि दूरचे झुडूप पाहावयास नळी हवी.

तिसरा आकडा मीटरचा असतो, आणि अधिकांत अधिक फसगत त्यानेच होते. विजेऱ्या मोजण्याचे जे मानक २००९ सालापासून पाश्चात्त्य देशांत रूढ आहे, त्यानुसार झोताची लांबी म्हणजे ज्या अंतरावर उजेड पाव लक्स उरतो ते अंतर. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्याएवढा उजेड. खोक्यावर १०० मीटर लिहिले असेल, तर शंभर मीटरवर फक्त चांदणे पडेल एवढाच त्याचा अर्थ. चांदण्यात वाट दिसते, पण पाचोळ्यातील घोणस दिसत नाही. आता उजेडाचा नियम असा की अंतर निम्मे झाले की तो चौपट होतो. म्हणजे याच विजेरीचा उजेड ५० मीटरवर १ लक्स आणि २५ मीटरवर ४ लक्स भरतो. म्हणून छापलेल्या अंतराचा पाव हिस्सा हेच कामाचे अंतर समजावे, म्हणजे निराशा होत नाही.

या हिशेबाने कुत्र्याबरोबरच्या फेरीला ५० ते १५० ल्यूमेनचा, पसरट आणि कडा मऊ असलेला झोत पुरेसा आहे. त्याखेरीज ३०० किंवा त्याहून अधिक ल्यूमेनचा एक वरचा टप्पा असावा, तो गरजेपुरता काही क्षण वापरावयाचा. हजारो ल्यूमेनच्या जाहिरातींना भुलण्याचे कारण नाही. एवढ्या उजेडाने लहानशी विजेरी काही मिनिटांत तापते आणि आतील यंत्रणा आपोआप उजेड कमी करते. शिवाय अतिप्रखर झोत जवळच्या मातीवरून परतून चालणाऱ्याचेच डोळे दिपवतो, आणि झोताच्या कडेबाहेरचा काळोख दुप्पट दाट होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चौथा आकडा किती तास चालेल याचा. वर सांगितलेल्या मानकाप्रमाणे उजेड मूळच्या एकदशांशावर येईपर्यंतचा काळ त्यात धरला जातो. म्हणजे '८ तास' याचा अर्थ आठ तास तोच उजेड, असा नव्हे. काही विजेऱ्यांत उजेड एकसारखा राखणारी यंत्रणा असते. अशी विजेरी शेवटपर्यंत चांगली चालते आणि मग अचानक मंदावते. साधी विजेरी हळूहळू मंद होत जाते. दोन्हींत गुण आहेत. पहिल्या प्रकारात सेल संपत आल्याची सूचना देणारा लाल ठिपका आहे की नाही, हे मात्र आवर्जून पाहावे.

पाचवी खूण पाण्याची. आय्.पी.एक्स्. ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडालेले पाणी विजेरी सोसते आणि आय्.पी.एक्स्. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी टिकते. माळव्यातील पावसाला पहिली खूण किमान हवी. वाटेत ओढा-नाला असेल तर दुसरी असावी.

आता सेलांकडे वळू. विजेरी बिघडते ती दिव्यामुळे क्वचित, सेलांमुळे बहुधा. साधा स्वस्त सेल जस्ताच्या डबीचा असतो आणि वीज देताना ती डबीच झिजते. वापरून झालेला सेल आत राहिला की डबीला भोक पडून आतील द्रव झिरपतो आणि स्प्रिंग गंजून जाते. अल्कलाइन सेल अधिक टिकतो, पण जुना झाला की तोही गळतो. म्हणून जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत आणि विजेरी महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवावेत. बाजारात कडे लावलेल्या मोठ्या चार्जिंगच्या विजेऱ्या मिळतात. त्यांतील पुष्कळांत शिशाची लहान बॅटरी असते. ती रिकामी ठेवली की आतून खराब होते, म्हणून वापरली नाही तरी दरमहा चार्ज करावी. काही स्वस्त विजेऱ्यांत घरातील वीज पुरेशा आडपडद्याविना आत येते. म्हणून प्लगमध्ये लावलेली विजेरी पेटवू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. लिथियमची बॅटरी वजनाने हलकी, शक्तीने मोठी आणि आज सर्वांत सोयीची आहे. पण ती नामांकित असावी आणि मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कधीही विसरू नये.

येथे गावाचा विचार करावा लागतो. इंदुरात जो सेल कोपऱ्यावर मिळतो तो लहान गावी मिळेलच असे नाही. पेन्सिल सेल मात्र किराणा दुकानातही मिळतो. म्हणून लहान गावी राहणाऱ्याने पेन्सिल सेलवर चालणारी विजेरी घ्यावी, किंवा मोबाइलच्याच चार्जरवर चार्ज होणारी घ्यावी. वीज दोन दिवस गेली तर पहिली उपयोगी पडते, आणि सेल संपले तर दुसरी.

हाताचाही विचार हवा. एका हातात साखळी असते आणि पुष्कळांच्या दुसऱ्या हातात काठी. विजेरी एकाच हाताने पेटली पाहिजे. पहिल्या दाबात नेमका हवा तोच उजेड लागला पाहिजे. दर वेळी लुकलुकणाऱ्या उजेडाचे फेरे पार करावे लागणारी विजेरी प्रसंगी दगा देते. मनगटात अडकवावयास दोरी असावी. कपाळावर बांधावयाच्या दिव्याने दोन्ही हात मोकळे राहतात हे खरे, परंतु त्यात दोन उणिवा आहेत. पावसाळ्यात किडे थेट चेहऱ्यावर येतात. दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. उजेड डोळ्यांजवळूनच निघाल्यामुळे वस्तूंच्या सावल्या वस्तूंमागेच लपतात आणि जमीन सपाट दिसते. कमरेच्या उंचीवरून तिरपा पडणारा झोत दगडाची, खड्ड्याची आणि सापाच्या वेटोळ्याची सावली लांब पाडतो आणि ती चटकन नजरेत भरते. निळसर पांढऱ्यापेक्षा किंचित पिवळसर उजेड घ्यावा. त्यात पाचोळ्याचे तपकिरी रंग एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात, आणि किडेही तुलनेने कमी जमतात.

मोबाइलचा दिवा असताना विजेरी कशाला, असेही विचारले जाते. मोबाइलचा उजेड पसरट असतो आणि काही पावलांतच विरतो. कुत्र्याने हिसका दिला की मोबाइल हातून निसटतो. आणि जो मोबाइल संकटात मदत बोलावण्यासाठी हवा, त्याचीच बॅटरी दिव्यासाठी संपवणे शहाणपणाचे नव्हे.

दुकानात विजेरी पारखण्यास पाच मिनिटे पुरतात. ती पेटवून तळहातावर चारपाच वेळा हलके आपटावी. उजेड लुकलुकला तर स्प्रिंग किंवा बटन सैल आहे असे समजावे. झाकणाचे आटे नीट बसतात का आणि रबराची कडी जागेवर आहे का, हे पाहावे. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात भिंतीवर झोत टाकावा. मध्ये काळा डाग किंवा कडेला तीव्र कडी दिसली तर वाट चालताना ती डोळ्यांत खुपते. बटन वीसपंचवीस वेळा दाबून पाहावे. दुकानदार कंटाळला तरी हरकत नाही, रानात बटन कंटाळू नये.

घरी आणल्यावर तिची जागा ठरवावी आणि ती साखळीच्याच खुंटीवर असावी. आठवड्यातील एक वार चार्जिंगचा म्हणून नेमावा. सेलची असेल तर सेल घातल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून विजेरीला चिकटवावी. खिशात दुसरी, अगदी लहान व स्वस्त विजेरी असावी. एकाच महागड्या विजेरीपेक्षा दोन मध्यम विजेऱ्या अधिक भरवशाच्या, कारण दोन्ही एकाच क्षणी विझण्याचा संभव फार थोडा. कुत्र्याच्या गळपट्ट्याला चमकणारी पट्टी लावावी. ती मोटारवाल्याला दुरूनच दिसते. रस्त्याला पदपथ नसेल तर वाहने समोरून येताना दिसतील अशा बाजूने चालावे आणि समोरून कोणी आले की झोत खाली वळवावा.

आणि एवढे करूनही दंश झालाच, तर? माणसाने पाय शक्यतो न हलवता स्वस्थ राहावे. जखम चिरू नये, चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने, प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. साप पकडण्याच्या किंवा मारण्याच्या नादात वेळ दवडू नये. कुत्र्यालाही उचलून, चालू न देता पशुवैद्याकडे न्यावे. त्याच्यावरही त्याच प्रतिविषाचा उपचार होतो. या दोघांच्याही बाबतीत वेळ हाच मुख्य आधार आहे, आणि वेळ वाचतो तो रस्ता दिसत असल्यामुळे. तेव्हाही हातात विजेरी हवीच.

महाप्रस्थानाच्या वाटेवर सगळे गळून पडले तरी धर्मराजाने बरोबर चालणाऱ्या कुत्र्याला सोडले नाही, ही कथा घरोघरी सांगितली जाते. रोजच्या फेरीत स्वर्गाचे दार लागत नाही. लागतो तो ओला बांध, सोयाबीनच्या कडेची पायवाट आणि रस्त्यावरचे आंधळे वळण. तेथे सोबत्याला सांभाळणे म्हणजे निघण्यापूर्वी उंबऱ्यावर एकदा बटन दाबून पाहणे. उजेड मंद दिसला तर त्या रात्री फेरी अंगणापुरतीच ठेवावी आणि सेल बदलून मगच दुसऱ्या दिवशी लांब जावे.